गुरुवारी सुट्टी असणाऱ्यांच्या सिस्टर

श्रीमती मनोरमाबाई पाटोळे यांना मी प्रथम पाहिले ते एका सरकारी रुग्णालयात, स्त्रियांच्या वॉर्डात. माझी पत्नी रूथ पोटाच्या ऑपरेशननंतर तिथे होती आणि मी खाटेपाशी स्टुलावर बसून होतो. दुपारी पाळी बदलण्याची वेळ झाली. जाणाऱ्या सिस्टर, म्हणजे मनोरमाबाई, आणि येणाऱ्या सिस्टर अशा दोघी एकेका खाटेपाशी उभ्या राहत, आणि जाणाऱ्या सिस्टर येणारीला त्या रुग्णाची हकिगत सांगत. याला त्यांच्यात चार्ज देणे म्हणतात. रूथच्या खाटेपाशी आल्यावर त्यांनी टाक्यांचे सांगितले, रात्री ताप चढला होता तेही सांगितले, आणि मग रूथकडे वळून विचारले, "बाई, मी सांगितलं ते बरोबर आहे ना? काही राहिलं का?"

रूथ म्हणाली, "पांढरी गोळी घेतली की मळमळतं. ते राहिलं."

त्यांनी तेही येणाऱ्या सिस्टरना सांगितले.

मला ते बरे वाटले नाही. आजारी माणसासमोर तापाचे, टाक्यांचे कशाला बोलायचे? तिने धास्ती घेतली तर? मी व्हरांड्यात त्यांना गाठून तसे म्हणालो. त्या चालता चालता थांबल्या. म्हणाल्या, "अहो, ताप त्यांनाच आलाय. त्यांना ठाऊक नसेल का? ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्यासमोर बोलावं. पाठीमागं बोललं की काहीतरी राहून जातं." एवढे बोलून त्या निघून गेल्या.

पुढे त्या काळेवाडीत राहायला आल्या आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दाखल झाल्या, तेव्हा रूथनेच त्यांना ओळखले. त्या दिवसापासून सगळ्या मंडळीत त्यांचे नाव सिस्टर असेच पडले. निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी तेच चालू आहे. या लेखातही मी तसेच लिहितो. अनादर समजू नये.

सिस्टरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ निघत आहे आणि त्यात माझा लेख असावा असे कमिटीने ठरवले. माझे शिक्षण गावच्या शाळेत सहावीपर्यंत झाले. नोकरी आकुर्डीच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात केली. लेख लिहिण्याचा सराव नाही. काही चुकीचे लिहिले जाईल, कोणाचे नाव राहून जाईल, कोणाला एखादा शब्द लागेल, या काळजीने मी दोनदा कागद बाजूला ठेवले. आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच ओहोळ आबा यांचे नाव या हकिगतीत टाळता येत नाही, म्हणून त्यांना आधी वाचून दाखवले. ते म्हणाले, "लिहा की. झालं ते झालं. फक्त मला लई वाईट दाखवू नका." मी तसा प्रयत्न केला आहे.

ज्यांना आमची मंडळी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्यातली बहुतेक कुटुंबे नगर आणि जालना भागातून कारखान्यांच्या कामासाठी इकडे आलेली आहेत. काळेवाडीच्या एका गल्लीत आमचे चर्च आहे. आधी पत्रा होता, आता स्लॅब आहे. मंडळीचा कारभार पंच कमिटी पाहते. वार्षिक सभेत सभासद मते देऊन पंच निवडतात आणि चर्चचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, अध्यक्ष असतात. मी बरीच वर्षे पंच आहे. इमारतीची देखरेख माझ्याकडे आहे, म्हणजे कुलूप, चटया, माइक, पाण्याची टाकी, असे सर्व.

मतदानाचा आमचा एक नियम होता. जो सभासद सलग तीन महिने रविवारच्या उपासनेला येणार नाही, त्याला वार्षिक सभेत मत नाही, आणि ज्याला मत नाही तो पंच होऊ शकत नाही. काही लोक वर्षभर फिरकायचे नाहीत, फक्त नाताळला यायचे आणि वार्षिक सभेत आवाज चढवायचे, म्हणून हा नियम केलेला होता. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता.

तरुणांचा संघ आमच्याकडे पहिल्यापासून होता. नाताळचा तारा लावणे, जेवणाच्या पंगतीत वाढणे, चटया घालणे आणि गोळा करणे ही कामे संघाची. वार्षिक सभेत दरवर्षी एक वाक्य वाचले जाई की तरुणांनी फार मेहनत घेतली, त्यांचे आभार. मग टाळ्या होत. पण हळूहळू रविवारी तरुण दिसेनासे झाले. पंच कमिटीत हा विषय वारंवार येऊ लागला. विषयाचे नाव आम्ही तरुणांची अनास्था असे ठेवले होते. त्यावर आम्ही खास संदेश ठेवून पाहिला, गायनाची स्पर्धा ठेवली, क्रिकेटचे सामनेही भरवले. सामन्यांना पोरे आली, उपासनेला आली नाहीत.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी सिस्टर पंच म्हणून निवडून आल्या. त्यांच्या पहिल्याच बैठकीत हा विषय निघाला. आबा मोबाईलविषयी बरेच बोलले. बाकीच्यांनीही आपापले सांगितले. शेवटी सिस्टरांनी विचारले, "ज्यांच्याविषयी आपण एवढा वेळ बोलतोय, ती मुलं कुठं आहेत?"

"त्येच तर म्हणतोय मी," आबा म्हणाले. "कुठंयत ती? येतच न्हाईत."

सगळे हसले. सिस्टर थांबल्या आणि हसणे ओसरल्यावर म्हणाल्या, "आपण त्यांना बोलावलंय का? इथं, या बैठकीला?"

"कमिटीत? पोरासोरांना?"

"वसंतरावांचा रोशन सव्वीस वर्षांचा आहे, आबा. त्या वयात तुम्ही दोन लेकरांचे बाप होता."

"तीन," आबा म्हणाले.

पुन्हा हशा झाला, पण पुढच्या बैठकीला संघातल्या दोघांना बोलवायचे असे ठरले. एक रोशन. वसंतराव म्हणजे मी; रोशन माझ्या मुलीचा मुलगा. मुलगी आणि जावई गावाकडे असतात, रोशन नोकरीसाठी माझ्याकडे राहत होता. दुसरी प्रणाली. ती चाकणच्या एका कंपनीत तयार मालाची तपासणी करते. दोघे दाराजवळच्या खुर्च्यांवर बसले. रोशन काही वेडेवाकडे बोलेल या धास्तीने मी त्याच्याकडे पाहत नव्हतो.

पाळकसाहेबांनी प्रेमाने विचारले की बाळांनो, रविवारी का येत नाही. रोशन म्हणाला, "पाळकसाहेब, आमची सुट्टी गुरुवारी असते."

आमच्या या भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, ही फार जुनी पद्धत आहे. रविवारी पाळ्या पूर्ण भरलेल्या असतात. खोलीतल्या एकूण एक माणसाला हे माहीत होते. रोशन तर माझ्याच घरात राहत होता. गुरुवारी तो उशिरापर्यंत झोपतो आणि रविवारी पहाटे कंपनीच्या बसला जातो, हे मी दर आठवड्याला पाहत होतो. तरी अनास्था या शब्दाशी आम्ही ते कधी जोडले नव्हते.

मग प्रणाली बोलली. ती उभी राहिली होती. "रविवारी यायचं तर खाडा करावा लागतो. एकदा केला, दोनदा केला, मग लाइनवर बोलणी बसतात. आणि खाडा नाही केला तर इथं मत जातं. आम्हाला दोन्हीकडं गैरहजेरी लागते." मग ती पुढे म्हणाली, "पुनावळ्याला हॉल भाड्यानं घेऊन एक नवीन सभा सुरू झालीय. ती गुरुवारी संध्याकाळी असते. आमच्यातले बरेचजण तिकडं जातायत. तिथं सभासद व्हा म्हणून विचारलंय. हे मी आज इथं सांगते, नंतर तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"आणि रोशन?" कोणीतरी विचारले.

"मी पण," रोशन म्हणाला.

मला तो गुरुवारी मित्राकडे जातो असे सांगत असे. मी पाण्याचा जग भरायला उठलो. जग अर्धा भरलेलाच होता.

त्या दिवशी आमच्यासमोर काय प्रश्न होता ते सर्वांना कळले. ही मुले आमच्या मंडळीत राहतात की जातात, एवढाच तो होता. त्यांतली बहुतेक आमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेली, आमच्या शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बालवर्गात, बसलेली मुले होती. ती गेली की आम्ही म्हातारे उरणार, आणि नंतर तेही नाही.

आबा मात्र आपल्या मुद्द्यावर ठाम होते. "प्रभूचा दिवस रविवार. कंपनीचं टाइमटेबल बघून उपासना ठेवायची व्हय?"

सिस्टरांनी सहज विचारले, "आबा, तुमच्या कंपनीत सुट्टी कधी असायची?"

आबांनी कपाळाला आठी घातली. मला वाटले त्यांना राग आला. पण ते आठवत होते. मग तेच म्हणाले, "गुरवारी."

"मग तुम्ही रविवारी कसे यायचा?"

"तवा कुठं रविवारी होतं?" आबा म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांचा आवाज उतरला. "तवा आमच्याच घरी भरायची मंडळी. गुरवारी सांजच्याला."

आम्हा जुन्या लोकांना एकदम सगळे आठवले. चर्च बांधण्याआधी आबांच्या दोन खोल्यांत उपासना होत असे. सगळ्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून उपासनाही गुरुवारी. आबांच्या पत्नी पातेलेभर चहा करीत आणि लोक जिन्यापर्यंत बसत. पुढे इमारत झाली, पूर्णवेळ पाळक मिळाले आणि उपासना रविवारी सकाळी ठरली. तोवर आमच्यातले बरेचजण निवृत्तीला आले होते. ज्यांना अडचण होती त्यांनी पाळी बदलून घेतली. नंतर आम्हाला असे वाटू लागले की ती पहिल्यापासून रविवारीच होती. सिस्टरांना आमचा तो काळ ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त प्रश्न विचारला होता.

गुरुवारी सायंकाळी प्रभुभोजनासह, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीसह, पूर्ण उपासना सुरू करावी आणि तिची हजेरी रविवारच्या हजेरीसारखीच धरावी, याला मग विरोध राहिला नाही. आबांनीही मान हलवली. पण सिस्टर तिथे थांबल्या नाहीत. पंच कमिटीत दोन जागा तिशीच्या आतल्या सभासदांसाठी ठेवाव्यात, आणि त्यांना पूर्ण मत असावे, असे त्यांनी मांडले. वाद झाला तो यावर.

"उपासना घ्या म्हणलं की आम्ही. कमिटीत कशाला?" आबा म्हणाले. "शिकतील, मोठी होतील, मग येतील."

"चटया घालायला मोठी, आणि चटया कुठं घालायच्या ते ठरवायला लहान?" सिस्टर म्हणाल्या.

"अनुभव लागतो, सिस्टर."

"लागतो ना. म्हणून तर आत्ता म्हणते. चार्ज पाळी संपायच्या आधी देतात. आपण घरी गेल्यावर कोण कुणाला देणार?"

त्यांनी स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली. दोनपैकी एक जागा म्हणून आपली खुर्ची आपण सोडतो, तिच्यावर प्रणालीने बसावे. आपण वर्षभर तिच्या शेजारी बसू, विचारले तर सांगू, पण मत देणार नाही. दुसऱ्या जागेसाठी एक पंच तसेही वयामुळे निवृत्त होणार होते.

वार्षिक सभेत हा ठराव आला तेव्हा चर्च भरलेले होते. ज्यांच्यासाठी ठराव होता त्यांनाच मत नव्हते. त्यामुळे जे काही व्हायचे ते आम्हा वयस्कर लोकांच्या हातांवर होते. चर्चा लांबली. माझ्या डोक्यात एक काळजी घोळत होती ती मी बोलून दाखवली. "गुरुवारी रात्री कुलूप कोण लावणार?" लोक हसले. सिस्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न बरोबर आहे. प्रणाली, सांग. कोण लावणार?" प्रणालीने संघाच्या पोरांशी तिथल्या तिथे बोलून सांगितले की महिनाभर रोशन, मग पाळीपाळीने. नळ आणि पंखेही तेच बघतील. पुढच्या दहा मिनिटांत मते झाली. ठराव थोडक्या मतांनी मंजूर झाला. आबांनी विरोधात हात वर केला आणि सभा संपल्यावर प्रणालीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

पुनावळ्याला जाणारी बहुतेक मुले परत आली. काही आली नाहीत, तेही लिहिले पाहिजे.

सिस्टर तरुणांचे लाड करतात असा एक समज आहे. तो खरा नाही. प्रणाली दोन बैठकांना आली नाही तेव्हा त्यांनी तिला सर्वांसमोर विचारले, "मत हवं म्हणाली होतीस ना? मग मत काय व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचं?" मुले त्यांना पाठीमागे हेड सिस्टर म्हणतात. त्यांना ते माहीत आहे. बैठक वेळेवर सुरू झाली नाही तर त्या पर्स उचलून उभ्या राहतात, मग समोर पाळकसाहेब असोत की कोणी असो. त्यांच्या बोलण्याने दुखावलेली माणसेही मंडळीत आहेत.

त्यांची खरी कसोटी कापणीच्या सणाला लागली. या सणाला लोक धान्य, भाज्या, अंडी, कोंबड्या असे जे असेल ते आणून वेदीपुढे ठेवतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी सण पहिल्यांदाच पूर्णपणे तरुणांकडे दिला होता. त्यांना लिलावाचा गोंगाट नको होता. वस्तूंचे फोटो मोबाईलवर टाकायचे आणि ज्याला हवे त्याने तिथेच नोंद करायची, असे त्यांनी ठरवले. पण भाज्या आणणाऱ्या आणि घेणाऱ्या बहुतेक आमच्या वयाच्या बाया. त्यांना ते मोबाईलवरचे जमेना. मेथीची भाजी कोमेजू लागली. कोंबड्या खांबाला बांधून होत्या आणि फरशीची काय अवस्था होत होती ते मीच पाहत होतो. लोक घरी निघाले. प्रणाली एका बाजूला तोंड फिरवून उभी होती.

मी पुढे निघालो. सिस्टरांनी माझा हात धरला. "थांबा, वसंतराव."

"अहो सिस्टर, माल सडंल सगळा."

"सडू दे. आपण हातात घेतलं की पुढच्या वर्षी परत आपल्यालाच घ्यावं लागेल."

मला त्यांचा राग आला होता. पण थांबलो. मुलांनी पाच मिनिटे आपसात बोलून घेतले आणि रोशन बाहेर पळाला. तो गेला होता ओहोळ आबांच्या घरी. आमच्याकडे लिलाव पुकारावा तो आबांनीच. आबा तब्येतीचे कारण सांगून त्या दिवशी लवकर घरी गेले होते. ते रोशनच्या मोटारसायकलवर मागे बसून आले, आणि आल्या आल्या दारातूनच त्यांनी आवाज दिला, "कुठं चालला रं सगळी? बसा खाली!" दुधी भोपळ्यासाठी त्यांनी एका घरच्या दोन सुनांना एकमेकींशी भिडवले. एक वार, दोन वार म्हणून थांबले आणि म्हणाले, "थोरलीनं माघार घ्यावी हे काय आमच्या मंडळीला शोभत न्हाई." हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. पोरे मोबाईलवर फोटो काढीत होती, पण आता आबांचे. त्या दिवसानंतर आबा कमिटीत तरुणांच्या जागांविरुद्ध बोलले नाहीत. सिस्टरांनी मात्र त्या दिवसभरात एकही वस्तू इकडची तिकडे केली नाही. त्या मागच्या बाकावर बसून होत्या.

माझ्यावर त्यांचा एक उपकार आहे तो सांगतो. पंचांनी पाळीपाळीने उपासनेत शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचे वाचन, करायचे असते. माझी पाळी आली की मी काही ना काही निमित्त काढून ती दुसऱ्याला देत असे. जोडाक्षरे आली की माझी जीभ अडते आणि सगळे चर्च ऐकत असते. हे कोणाच्या लक्षात आले नसेल असे मला वाटत होते. गुरुवारची उपासना सुरू झाली तेव्हा सिस्टरांनी सुचवले की वाचन दोघांनी मिळून करावे, एक ज्येष्ठ आणि एक तरुण, आळीपाळीने एकेक वचन. सर्वांना ते आवडले. माझ्या जोडीला रोशन आला. आम्ही घरी आदल्या दिवशी बसून वाचत असू. तो शिफ्टवरून आलेला असे, तरी बसे. मी अडलो की तो पुढचा शब्द सांगत नसे, नुसते बोट ठेवून थांबत असे. हे त्याला कोणी शिकवले ते मी विचारले नाही. आता मी वाचतो. सिस्टरांनी याविषयी माझ्याजवळ आजवर एक शब्द काढलेला नाही, म्हणून मीच इथे लिहून ठेवतो.

वर्षभर मत न देता बसून झाल्यावर सिस्टर पुन्हा निवडणुकीने पंच झाल्या. प्रणाली आता कमिटीची सेक्रेटरी आहे. यंदा कमिटीपुढे तिने एक ठराव मांडला. गुरुवारी येणाऱ्या मुलांपैकी बरीच आता चाकणलाच खोल्या घेऊन राहतात. तिथून काळेवाडीला यायचे तर वाहनांच्या गर्दीत अडकून उपासना अर्धी होऊन जाते. तिथे इतर गावांहून आलेली आपली मुलेही पुष्कळ आहेत, त्यांना कोणतीच मंडळी नाही. म्हणून गुरुवारची उपासना चाकणला न्यावी. आपल्याच मंडळीची, पण तिथे.

सिस्टरांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते. गुरुवारी आता वयस्कर माणसेही येतात, त्यांना चाकणला जाता येणार नाही. म्हातारे आणि तरुण एकत्र बसावेत म्हणून एवढे केले, ते पुन्हा वेगळे होतील. त्या बराच वेळ बोलल्या. इतक्या कळकळीने बोलताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांचे गुडघे गेले आहेत, त्या स्वतः जाऊ शकणार नाहीत, हे त्या बोलल्या नाहीत, पण सर्वांना ठाऊक होते. मीही त्यांच्या बाजूने हात वर केला. माझे कारण वेगळे होते. रोशनही चाकणला खोली बघत होता.

आम्ही हरलो.

निकाल वाचून दाखवायचा होता सेक्रेटरीने. प्रणालीला आकडा वाचता येईना. ती सिस्टरांकडे पाहत राहिली.

"माझ्याकडं काय बघतेस?" सिस्टर म्हणाल्या. "ठराव लिही."

बाहेर चपला घालताना आबा त्यांना म्हणाले, "बगा सिस्टर. हाताला धरून आणली, आन् आता तुमचंच ऐकंनात."

"माझ्या बाजूनं मत द्यायचं असं मी त्यांना कुठं शिकवलं होतं, आबा?" सिस्टर म्हणाल्या. त्यांना एक चप्पल सापडत नव्हती. ती सापडेपर्यंत त्या खाली पाहत राहिल्या.

चाकणची खोली एका हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या गुरुवारी सिस्टर जाणार असे कळल्यावर मला काळजी वाटली, म्हणून मी बरोबर गेलो. रिक्षा अडकल्याने उशीर झाला. लिफ्ट नाही आणि जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत. त्या प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत होत्या. खाली दोन पोरांनी खुर्चीवर बसवून नेतो म्हटले, तर त्यांनी त्यांना हाकलून दिले होते. वर उपासना सुरू झाल्याचे ऐकू येत होते. त्यांच्यासाठी कोणी थांबले नव्हते. आम्ही आत गेलो आणि मागे बसलो. खोली भरलेली होती. निम्मे चेहरे आम्हाला अनोळखी होते.

गीत संपल्यावर एक तरुण वाकून आमच्याजवळ आला. कंपनीचा शर्ट अंगात होता, बोलणे मराठवाड्याकडचे. त्याने हळूच विचारले, "काकू, पहिल्यांदाच आलात का? नाव सांगा, नवीन आलेल्यांचं स्वागत करतो आपण."

मी काही सांगायला तोंड उघडले. सिस्टरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मनोरमा पाटोळे," त्या म्हणाल्या. "हो, पहिल्यांदाच आले."

त्याने ते नाव पुढे जाऊन वाचले. ओळखणारी मुले हसू लागली, प्रणालीने डोळ्यांना ओढणी लावली, पण त्या मुलाला काही कळले नाही. सिस्टर भिंतीचा आधार घेऊन उभ्या राहिल्या, नव्या माणसाने राहावे तशा, आणि टाळ्या थांबेपर्यंत उभ्या होत्या.

देवाने त्यांना पुष्कळ आयुष्य द्यावे अशी आम्हा सर्वांची प्रार्थना आहे. नुसते आयुष्य मागून मला समाधान होत नाही. तो जिना दर गुरुवारी चढता येईल एवढी शक्ती त्यांच्या गुडघ्यांत राहो. त्यांना उशीर झाला तर उपासना त्यांच्यावाचून वेळेवर सुरू होवो, आणि मागे त्यांच्यापुरती जागा सापडो.